खुष्कीच्या मार्गाने नेपाळला

आपल्या घरचे लोणचे, ठेचा किंवा मिरचीचा सॉस परमुलखात पाठवावा असे ज्याच्या मनात येते, त्या महाराष्ट्रीय उद्योजकाची दृष्टी प्रथम समुद्राकडे वळते. आणि मुंबई व न्हावाशेवा यांच्या आधाराने वाढलेल्या आपल्या व्यापारी कल्पनेत निर्यात म्हटली की जहाज, बंदर आणि गोदी हीच चित्रे उभी राहात असल्यामुळे त्यात नवल वाटण्याचेही कारण नाही. परंतु ज्या देशाला समुद्रच नाही, ज्याच्या भूमीला तीन बाजूंनी भारताने आणि उत्तरेस चीनने वेढलेले आहे, आणि तरीही ज्याच्या स्वयंपाकघरात अचार हा रोजच्या ताटातील अपरिहार्य घटक आहे, असा नेपाळ आपल्या इतक्या निकट असूनही लहान उत्पादकांच्या ध्यानात फारसा येत नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे २ कोटी ९१ लाख लोकवस्तीचा हा देश आपला बहुतेक परदेश व्यापार भारताशीच करतो. त्याच्याशी व्यवहार रुपयांत होऊ शकतो, त्याची लिपी आपलीच देवनागरी आहे, आणि नाशिक-सांगलीहून निघालेली मालमोटार एकदाही बोटीवर न चढता त्याच्या सरहद्दीपर्यंत पोहोचते. या सोयींमुळे हा व्यापार सोपा आहे अशी समजूत होते, आणि नवख्याची फसगत बहुधा याच समजुतीपासून सुरू होते.

भूवेष्टित देशात माल पाठविण्याचे खरे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे. किनाऱ्यावरील देशात एका बंदरात अडचण आली तर दुसरे बंदर धरता येते. येथे मात्र आपला माल आणि त्याचा ग्राहक यांच्यामध्ये मोजके नाके, मोजके रस्ते आणि दोन सरकारांचे परस्परसंबंध एवढ्यांखेरीज काहीही नसते. समुद्रकिनारा नसलेल्या राष्ट्रांना समुद्राकडे जाण्या-येण्याचा हक्क १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या कराराने मान्य केला आहे हे खरे. तथापि १९८९ च्या मार्च महिन्यात भारत-नेपाळ व्यापार आणि पारगमन करारांची मुदत संपली तेव्हा, आणि पुन्हा २०१५ च्या सप्टेंबरपासून काही महिने सरहद्दीवरील वाहतूक खोळंबली तेव्हा, काठमांडूच्या बाजारपेठेवर जो प्रसंग ओढवला, त्याचे स्मरण तेथील प्रत्येक व्यापाऱ्याला आहे. म्हणून तेथील अनुभवी आयातदार आपल्याला पहिला प्रश्न भावासंबंधी न विचारता पुरवठ्याच्या सातत्यासंबंधी विचारतो. आपणही त्याला उलट विचारावे, की त्याची वखार कोठे आहे, सरहद्दीवर की काठमांडूच्या खोऱ्यात, आणि दोन महिन्यांचा साठा ठेवण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे किंवा नाही. कारण ज्याचा माल केवळ सरहद्दीवरील वीरगंजला पडून राहतो, त्याचे गिऱ्हाईक रस्ता बंद होताच दुसऱ्याकडे जाते आणि सहसा परत येत नाही.

आता मालाविषयी. नेपाळी माणूस 'अचार' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आपले मुरलेले लोणचे असेलच असे नाही. भाजलेला गोलभेडा म्हणजे टोमॅटो, भाजून कुटलेले तीळ, खुर्सानी म्हणजे मिरची, लसूण आणि टिमुर यांची ताजी वाटलेली चटणी हाही अचारच. मुळ्याच्या फोडी मोहरीच्या पुडीत आणि उन्हात आंबवून बरणीत भरलेल्या तोही अचारच. आणि लप्सी नावाच्या आंबट रानफळाचा गोड-तिखट गर हाही अचारच. मोमो हा पदार्थ तर आज काठमांडूच्या गल्लीगल्लीत मिळतो, आणि त्याची चव पुष्कळ अंशी सोबतच्या अचारावर अवलंबून असते. यावरून एक गोष्ट उघड होते, की टोमॅटो केचप घेऊन तेथे उतरणाऱ्या नवख्याला मोठ्या भारतीय कंपन्यांशी आणि स्थानिक कारखान्यांशी केवळ किमतीवर झुंजावे लागेल, आणि त्या झुंजीत लहान उत्पादकाचा निभाव लागणे कठीण आहे. परंतु टिमुर हा आपल्या कोकणातील तिरफळाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील, एकाच प्रजातीसमूहातील असून जिभेवर झिणझिण्या आणणारा त्यांचा गुण समान आहे, आणि बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या गृहिणीला हा स्वाद कसा हाताळावा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तीळ, लसूण आणि भाजलेली मिरची ही तर आपल्या खानदेश-विदर्भाच्या चटण्यांची मूळ सामग्रीच होय. ज्याला या बाजारात नवे काही द्यावयाचे आहे, त्याने आपल्या या ज्ञानापासून आरंभ करावा, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडचा एखादा ठेचा थोडा पातळ करून, त्यात तिळाची भर घालून, मोमोसोबत चाखून पाहिल्याशिवाय पाठवू नये.

तेलाचा प्रश्न स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे. आपण शेंगदाण्याच्या तेलात लोणचे घालतो. नेपाळी जिभेला तोरीच्या म्हणजे मोहरीच्या तेलाचा झणका अपेक्षित असतो. शिवाय काठमांडूच्या पौष-माघातील रात्री पारा शून्याच्या जवळ जातो, त्या थंडीत शेंगदाण्याचे तेल गढूळ होऊन गोठू लागते, आणि बरणीच्या वरच्या थरात पांढरट गोळे दिसताच ग्राहकाला भेसळीचा संशय येतो. मोहरीचे तेल या थंडीतही वाहते राहते. तेव्हा हिवाळ्यात विकावयाच्या लोणच्यासाठी तेल बदलावे, किंवा निदान झाकणाजवळ तेल थंडीने गोठते आणि ऊब लागताच पूर्ववत होते अशी सूचना नेपाळी भाषेत छापावी.

याहूनही अधिक लक्ष द्यावयाचे ते वेष्टनाकडे, कारण येथे निसर्गाचा एक नियम आपल्या विरुद्ध काम करीत असतो. काठमांडूचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबापेक्षा साधारण सातव्या हिश्श्याने कमी असतो. मुंबई-ठाण्याच्या कारखान्यात हवाबंद केलेल्या पाऊचमध्ये जी थोडीशी हवा अडकून राहिलेली असते, ती वर चढता चढता प्रसरण पावते. पाऊच फुगतो, आणि फुगलेले पाकीट म्हणजे आंबलेला माल अशी जी ग्राहकाची रास्त समजूत असते, तिच्यापुढे आपला सारा खुलासा व्यर्थ ठरतो. तेल असलेल्या मालात तर दाबाच्या या फरकाने शिवणीतील बारीकसा दोषही उघडा पडतो, तेल पाझरते, खोक्यांचे तळ भिजतात, आणि दहा बरण्यांच्या गळतीने शंभर बरण्यांची वेष्टने कुरूप होतात. पुणे-नाशिक ही शहरे स्वतःच साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने तेथील उत्पादकाला हा त्रास काहीसा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून पाऊच भरताना आतील मोकळी जागा शक्य तितकी कमी ठेवावी, सॉस गरम असतानाच काचेच्या बाटलीत भरून झाकण लावावे म्हणजे थंड होताना आत निर्वात निर्माण होतो, आणि ज्या झाकणाच्या मध्यभागी दाबाने खाली-वर होणारे बटण असते ते वापरावयाचे असेल तर खोऱ्याच्या उंचीवरही ते बसलेले राहते किंवा नाही याची परीक्षा आधी करावी. ही परीक्षा करण्यास प्रयोगशाळाच पाहिजे असे नाही. महाबळेश्वरही सुमारे तेवढ्याच उंचीवर आहे, तेथे दोन खोकी घेऊन जावे, आठ दिवस ठेवावी, आणि मग निर्णय करावा.

शुद्धतेच्या बाबतीत कोणतीही सवलत स्वतःला देऊ नये. सॉस किंवा चटणीतील आम्लता इतकी असली पाहिजे की तिचा पी.एच. ४.६ च्या खाली राहील, आणि व्यवहारात तो ४ च्या आसपास ठेवणे शहाणपणाचे. कारण या मर्यादेच्या वर हवाबंद बाटलीत प्राणघातक विष निर्माण करणाऱ्या जंतूंना वाढण्यास वाव मिळतो. मिरची पूड विकत घेणाऱ्याने तर प्रत्येक खरेदीबरोबर सुदान या भेसळीच्या रंगाच्या तपासणीचा दाखला मागितलाच पाहिजे. २००५ साली इंग्लंडात एका वूस्टर सॉसमध्ये पडलेल्या भेसळयुक्त मिरची पुडीमुळे तो सॉस ज्या ज्या पदार्थांत वापरला गेला होता असे चारशेहून अधिक तयार पदार्थ बाजारातून मागे घ्यावे लागले. मूळ चूक कोठल्याशा मिरचीच्या पोत्यात झालेली होती, पण किंमत सर्वांनी मोजली. अलीकडे, २०२४ च्या मे महिन्यात, निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साईड या रसायनाच्या अंशाच्या संशयावरून नेपाळनेच दोन नामवंत भारतीय मसाल्यांच्या आयातीवर बंदी घातली. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्यांची ही स्थिती, मग आपला नवा माल कोणत्या बारकाईने पाहिला जाईल याची कल्पना करावी. निर्जंतुकीकरणासाठी मसाल्याला वाफ दिली आहे की रसायन, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर सरहद्दीपलीकडे काहीही चालत नाही.

लेबलाविषयी लिपीच्या साम्याने आपण गाफील होऊ नये. देवनागरी तेथे वाचली जाते म्हणून मराठी मजकूर तेथे समजतो असे नाही; 'लोणचे' हा शब्द काठमांडूच्या ग्राहकाला निरर्थक आहे. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, घाण्याचा क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम मुदत, उत्पादकाचा आणि आयातदाराचा पत्ता व किंमत यांचा तपशील नेपाळीत, तेथल्याच जाणत्या माणसाकडून लिहवून घ्यावा. तारखेच्या बाबतीत तेथे नेहमी घोटाळा होतो, कारण नेपाळचे सरकारी व्यवहार विक्रम संवताप्रमाणे चालतात आणि तो संवत् इसवी सनाच्या ५६-५७ वर्षे पुढे असतो. तेथील ग्राहक संरक्षण कायदा २०७५ चा म्हणून ओळखला जातो, तो आपल्या २०१८ सालचा होय. तेव्हा तारीख कोणत्या सनाची हे स्पष्ट छापावे. भारतातील विक्रीसाठी छापलेली कमाल किंमत असलेला माल तसाच पाठविणे ही चूक सर्वांत अधिक आढळते. ती किंमत पाहून काठमांडूचा ग्राहक दुकानदाराशी वाद घालतो, आणि सरहद्दीच्या अलीकडील रक्सौलच्या दुकानात तीच बरणी त्याच किमतीत मिळत असली तर आपल्याच आयातदाराच्या पोटावर पाय येतो. निर्यातीचे वेष्टन वेगळे, शक्य असल्यास वजनही वेगळे ठेवावे.

आता दस्तऐवजांकडे वळू. या बाजूस अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना (घरगुती व्यवसायाची नुसती नोंदणी पुरेल असे समजून राहू नये), परकीय व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयात-निर्यात संकेतांक, आणि लोणची-चटण्यांसाठी अपेडा या कृषिमाल-निर्यात प्राधिकरणाची नोंदणी, एवढी सिद्धता हवी. निर्यातीवरील जी.एस.टी. शून्य दराने आकारला जातो. त्यासाठी हमीपत्र देऊन कर न भरता माल पाठवावा किंवा कर भरून परतावा घ्यावा, यांपैकी एक मार्ग निवडावा, आणि लहान भांडवलाच्या माणसाने पहिलाच निवडावा, कारण परताव्याची वाट पाहण्यात खेळते भांडवल अडकून पडते. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालासाठी जे शिपिंग बिल असते, त्याच्या जागी खुष्कीच्या नाक्यावर बिल ऑफ एक्स्पोर्ट दाखल करावे लागते, आणि हा भेद ठाऊक नसल्याने पहिल्या खेपेस माणूस नाक्यावर खोळंबतो. मालाचे वर्गीकरणही आपणच ठरवून घ्यावे: सॉस, केचप व मिश्र चटण्या साधारणतः २१०३ या शीर्षकाखाली येतात, तर सिरक्यात टिकविलेल्या भाज्या-फळांचे शीर्षक २००१ आहे, एकाच खेपेत दोन्ही असतील तर बीजकात त्यांच्या ओळी निराळ्या असाव्यात.

पलीकडच्या बाजूस जकातीला भन्सार म्हणतात, आणि तेथे दाखल करावयाच्या घोषणापत्राला प्रज्ञापनपत्र. आयातदाराने हे काम आपल्या भन्सार एजंटामार्फत करावयाचे असते, पण त्यापूर्वी खाद्य प्रविधि तथा गुण नियंत्रण विभागाची अनुमती लागते, आणि नमुना तपासणीस गेला म्हणजे मालमोटार तेथेच उभी राहते. म्हणून मोठी खेप पाठविण्याआधी नमुने आणि घटकांची यादी आयातदारामार्फत त्या विभागाला दाखवून घ्यावी. भारत-नेपाळ व्यापार करारान्वये जी जकातमाफी परस्परांना मिळते ती मुख्यतः प्रक्रिया न केलेल्या प्राथमिक मालाला. आपला सॉस त्यात बसत नाही हे ध्यानात ठेवून भाव काढावा. मालाच्या किमतीत जकात व इतर आकार मिळवून जी रक्कम होते, तिच्यावर पुन्हा १३ टक्के मूल्यवर्धित कर पडतो. हे दर ज्या दिवशी बदलतात तो दिवसही ठरलेला आहे: नेपाळच्या संविधानाप्रमाणे अर्थसंकल्प जेठ १५ रोजी मांडला जातो. नावे सारखी असली तरी नेपाळचे महिने संक्रांतीपासून संक्रांतीपर्यंतचे सौर असल्यामुळे हा दिवस आपल्या ज्येष्ठ पौर्णिमेशी जुळत नाही. तो दरवर्षी मे महिन्याच्या २८-२९ तारखेच्या सुमारास येतो. त्या सुमारास रस्त्यात असलेल्या मालाचा जकात-फरक कोणी सोसावयाचा, हे करारनाम्यात आधीच लिहिलेले असावे. आणि बीजकात किंमत कमी दाखवावी अशी गळ आयातदाराने घातली तर नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. भन्सार कार्यालय आपल्या माहितीवरून मूल्य वाढवू शकते, आणि एकदा संशयित ठरलेल्या नावाची प्रत्येक खेप पुढे उघडून पाहिली जाते.

सरकारी धोरणाचा आणखी एक धडा २०२२ चा आहे. परकीय चलनाची गंगाजळी आटू लागताच नेपाळने त्या वर्षीच्या एप्रिलात काही वस्तूंची आयात सरसकट बंद केली, आणि त्या यादीत मोटारी, मद्य आणि हिरे यांच्या शेजारी चिप्स-कुरकुऱ्यांसारखे तयार खाद्यपदार्थही होते. डिसेंबरात ती बंदी उठली. सॉस त्यात सापडला नाही, पण त्याच्या शेजारच्या फळीवरचा माल सापडला होता. म्हणून केवळ नेपाळसाठी छापलेल्या वेष्टनांचा वर्षभराचा साठा करणे टाळावे. सहा महिन्यांचा पुरे.

पैशाच्या व्यवहारात आपल्याला एक मोठी निश्चिंतता लाभलेली आहे. १९९३ पासून भारतीय १ रुपयास नेपाळी १ रुपया ६० पैसे हा दर स्थिर राहिला आहे, आणि भारतीय चलनात रक्कम घेता येत असल्याने विनिमयदराची चिंता या व्यापारात जवळजवळ नाही. पण रक्कम बँकेमार्फतच यावी. आपल्या व्यापारी परंपरेत हुंडी हा प्रतिष्ठित पेढीचा शब्द; नेपाळात मात्र तोच शब्द बेकायदा पैसा पाठविण्याच्या धंद्यास लावतात, आणि 'हुंडीने देतो' असे कोणी सुचविले तर आपल्या आजोबांच्या अर्थाने ते ऐकू नये. नव्या आयातदाराशी पहिल्या तीन खेपा निम्म्या आगाऊ रकमेवर किंवा पतपत्रावर कराव्या, मग उधारीचा विचार करावा.

वाटेविषयी एवढेच, की काठमांडूसाठी रक्सौल-वीरगंज हा मुख्य नाका, पश्चिमेस सुनौली-भैरहवा आणि पूर्वेस जोगबनी-विराटनगर. रक्सौल-वीरगंज येथे २०१८ पासून एकात्मिक तपासणी नाका सुरू आहे. विराटनगर-धरानच्या बाजूचा ग्राहक काठमांडूमार्गे गाठण्यात अर्थ नाही; त्याच्यासाठी वेगळा आडत्या असावा. नाक्याच्या पुढे माल आपल्याच मोटारीतून जाणार की नेपाळी मोटारीत उतरवून घेणार, हेही आधी ठरवावे, कारण काचेच्या बाटल्यांना प्रत्येक चढ-उतार महाग पडते. खोकी पाच थरांच्या पुठ्ठ्याची, आत बाटलीगणिक आडपडदे, आणि बाहेर 'काच' असे नेपाळीत मोठ्या अक्षरांत.

सर्वांत शेवटी दिवसांचे गणित, आणि तेच या धंद्यात सर्वांत आधी मांडावयाचे असते. नेपाळात खरेदीचा मोठा हंगाम दशैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा आणि दिवाळी. या सणांत सरकारी कचेऱ्या दिवसेंदिवस बंद असतात. नेमका त्याच्या आधीचा काळ पावसाचा, आणि तराईच्या सखल प्रदेशातून खोऱ्याकडे चढणारा नारायणगड-मुग्लिंगचा रस्ता दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. २०२४ च्या जुलैत तेथेच दरडीने प्रवाशांनी भरलेल्या दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, घटस्थापनेला आठवडाही उरला नसताना, महापुराने काठमांडूकडे येणारे महामार्ग तोडले. ज्याचा माल तोवर खोऱ्यातील वखारीत पोहोचला होता, त्याचीच त्या दशैंत विक्री झाली. म्हणून गणित उलटे करावे: ऑगस्टच्या अखेरीस माल खोऱ्यात हवा, त्यासाठी तो जुलैच्या अखेरीस नाक्यावर, आणि जुलैच्या मध्यास आपल्या दारातून निघालेला हवा. वैशाख-ज्येष्ठात घातलेले कैरीचे लोणचे तोवर मुरून तयार झालेले असते, ही आपल्या ऋतुचक्राची कृपाच म्हणावी. मोटार निघण्यापूर्वी प्रत्येक घाण्यातील चार बाटल्या क्रमांकासह बाजूला काढून कपाटात ठेवाव्या, म्हणजे सहा महिन्यांनी वीरगंजहून एखाद्या बरणीबद्दल तक्रार आली तर तिची जुळी बहीण आपल्या हाताशी असेल.